विघटनशील प्लॅस्टिकला उसाच्या चिपाडाचे बळ

सोलापूर, प्रतिनिधी - राज्यात २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. पर्यायांमध्ये पॉलिलॅक्टिक ॲसिड, अर्थात 'पीएलए' या विघटनशील प्लॅस्टिकचे नाव पुढे आहे. मका किंवा उसाच्या शर्करेपासून ते बनते. पुणे जिल्ह्यातील जेजुरी येथे 'प्राज इंडस्ट्रीज'ने २०२४ मध्ये अशा जैवपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. मात्र पीएलए महाग व ठिसूळ असून, साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. त्यात वनस्पतींचे टाकाऊ तंतू मिसळण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत. उसाच्या सोलापूर जिल्ह्याला म्हणूनच हा विषय जवळचा ठरतो.

कल्पना तशी जुनीच. भिंत लिंपताना माती तडकू नये म्हणून तिच्यात भुसा कालवतात. चिपाडातील सेल्युलोजचा तंतूही प्लॅस्टिकवर येणारा ताण वाटून घेतो. वस्तू ताठ होते, महागडे प्लॅस्टिक कमी लागते. ठिसूळपणा मात्र जात नाही, अनेकदा वाढतोच.

अडचण आहे ती दोघांच्या न जमण्याची. तंतू पाणी ओढून घेतो, प्लॅस्टिक ते दूर ठेवते. त्यामुळे मध्ये फट राहते आणि वस्तू तेथूनच मोडते. यासाठी चिपाड कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात धुतात. लिग्निनचा काही भाग निघून तंतू खरबरीत होतो. (धुतल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.) नंतर चिपाड कडकडीत वाळवावे लागते, कारण ओल राहिल्यास वितळलेल्या पीएलएच्या रेणूंची साखळी तुटते. तापमान दोनशे अंशांपलीकडे गेले, तर तंतूच करपतो.

त्याहून अवघड प्रश्न मोलाचा आहे. टनभर उसामागे सुमारे २८० ते ३०० किलो चिपाड निघते. त्यात निम्मे पाणी असते. हे चिपाड जाळूनच कारखान्याचे बॉयलर चालतात आणि उरलेली वीज विकली जाते. सिद्धेश्वर कारखान्याची १५ जून २०२३ रोजी पाडलेली चिमणी अशाच सहवीजनिर्मिती प्रकल्पाची होती. तेव्हा चिपाडाला 'टाकाऊ' म्हणणे भाबडेपणाचे आहे. ते घेणाऱ्याला विजेच्या दराशी स्पर्धा करावी लागेल. फडात पेटवले जाणारे पाचट हेक्टरी आठ ते दहा टन निघते. पण ते शेतातच कुजवले, तर जमिनीचा कस वाढतो. पाचट उचलून नेणाऱ्याने त्या खताइतके तरी दाम शेतकऱ्याला द्यायला हवेत.

शिवाय पीएलए कुजण्यासाठी कंपोस्ट प्रकल्पातील ५८ अंशांच्या आसपासची ऊब लागते. तंतूंमुळे आत पाणी शिरून थोडी मदत होते, इतकेच. ओल्या कचऱ्यातून अशा प्रकल्पापर्यंत न पोचलेला डबा नाल्यात साध्या प्लॅस्टिकसारखाच पडून राहतो.