पुलाची दुरुस्ती आणि आपली उसाची गाडी



पूल चालू असतो तोवर त्याच्याकडे कोण पाहतो ? आपल्या वाशिम जिल्ह्यात पैनगंगा, अडाण, अरुणावती, काटेपूर्णा अशा नद्या. शेत या काठाला अन् शाळा, दवाखाना, बाजार त्या काठाला, अशी गावे काही कमी नाहीत. म्हणून शेजारच्या अकोला जिल्ह्यातली हकीकत आम्ही मुद्दाम सांगतो. १९९८ पर्यंत आपणही त्याच जिल्ह्यात होतो.

अकोला-अकोट रस्त्यावर गांधीग्रामला पूर्णा नदीवरचा हा इंग्रजी अमदानीतला पूल. राजराजेश्वराच्या कावडीचे पाणी जिथून नेतात तेच हे गांधीग्राम. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पुलाला तडे दिसले आणि वाहतूक बंद करावी लागली. चार पावलांची नदी, पण ती ओलांडायला लांबचा फेरा पडू लागला. नोव्हेंबरात अकोला-अकोट रेल्वे सुरू झाली, तेव्हा लोकांना जरा हायसे वाटले. मात्र रेल्वेत माणूस बसतो, कापसाची गाडी बसत नाही !

तरी पूल बंद केला हे योग्यच झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, आणि दोन एस. टी. गाड्या उतारूंसह नदीत गेल्या. त्यापुढे फेऱ्याचे डिझेल ते काय ?

खरी अडचण वेळेची आहे. पावसाळ्यात पुलाच्या पायाचे काम होत नाही. पाणी ओसरले की गळीत हंगाम उभा राहतो. तोडलेला ऊस वाटेत अडकला तर वजनही घटते आणि उताराही. शक्यतो चोवीस तासांच्या आत तो गव्हाणीत पडलेला बरा. म्हणजे मोठ्या दुरुस्तीला उरतात एप्रिल-मे. तेव्हा मोजमाप, मंजुरी, निविदा हे कागद थंडीतच हलले पाहिजेत. उन्हाळ्यात कागद अन् पावसात काम, हे आता पुरे.

आपलाही यात वाटा आहे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर शीग लावलेली, आणि पुलाच्या तोंडाशी वजनमर्यादेचा फलक ! खेप वाचते खरी, पण भार पूलच सोसतो.

ज्यांच्या गावचा पूल खिळखिळा झाला आहे, कठडे गेले आहेत, सळया उघड्या पडल्या आहेत, त्यांनी ग्रामसभेचा ठराव आत्ताच सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा रस्ता जिल्हा परिषदेचा असल्यास तिकडे पाठवावा. वळणरस्ता कोणत्या गावावरून काढावा आणि शाळेच्या वेळेची एस. टी. कुठे थांबावी, हेही त्यातच लिहावे.