तबला मागे का पडतो?

घरच्या रेकॉर्डिंगबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते : "वाजवताना सगळं बरोबर होतं, ऐकताना तबला मागे पडलाय." पेटी आधी रेकॉर्ड झालेली असते. ती हेडफोनमध्ये ऐकत तबलजी ठेका धरतो. मग दोन्ही ट्रॅक एकत्र लावले की समेवरचा 'धा' किंचित उशिरा येतो. बिचारा तबलजी स्वतःच्या हाताला दोष देत पुन्हा वाजवायला बसतो, आणि पुन्हा तेच होतं. चिंचवड, आकुर्डी, रावेतच्या फ्लॅटमध्ये एखाद्या खोलीत लॅपटॉप, इंटरफेस आणि माइक मांडून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आधी हेच सांगायला हवं, की दोष हाताचा नाही आणि बहुतेक वेळा नवं यंत्र घेण्याचीही गरज नाही. एकदा नीट मोजलं की काम होतं.

मुळात आवाज ही सावकाश चालणारी गोष्ट आहे. २० अंश सेल्सिअसच्या हवेत तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटीमीटर. विसर्जनाच्या मिरवणुकीत चिंचवडच्या चापेकर चौकात एखादं ढोल-ताशा पथक ३५ मीटर पसरलेलं असेल, तर पुढच्या ताशाची तर्री शेवटच्या ढोलापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. त्यामुळे मागच्यांनी नुसत्या कानावर विसंबून चालत नाही, पुढून होणाऱ्या हाताच्या इशाऱ्यावर नजर ठेवावी लागते. बैठकीत मात्र गायक आणि तबलजी यांच्यात दीडएक मीटर अंतर असतं. तिथला चार-पाच मिलिसेकंदांचा उशीर कुणाला जाणवतही नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि सहकाऱ्यांनी दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून हेडफोनवर एकमेकांचं ऐकत टाळ्यांचा ठेका धरायला लावला होता. मधला उशीर ते ३ पासून ७८ मिलिसेकंदांपर्यंत बदलत गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मोठा सुंदर आहे. एकत्र बसून वाजवताना हवेमुळे जेवढा उशीर होतो, साधारण तेवढ्यातच लय सर्वांत स्थिर राहिली. उशीर फार कमी केला तर लय चढू लागली, वाढवला तर ती उतरत गेली आणि शेवटी मोडली.

कॉम्प्युटरचा उशीर वेगळा. माइकमधून आलेला आवाज आधी आकड्यांत बदलतो, सेकंदाला ४८,००० नमुने या दराने. प्रोसेसर एकेक नमुना हाताळत बसत नाही, त्यांचा एक गठ्ठा साठू देतो. हाच बफर. २५६ नमुन्यांचा बफर भरायला ५.३ मिलिसेकंद लागतात, १०२४ चा असेल तर २१. येताना एक बफर, हेडफोनकडे जाताना दुसरा, शिवाय कन्व्हर्टर आणि यूएसबीचा थोडा थोडा वेळ. बेरीज सहज ३० मिलिसेकंदांवर जाते. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची होते, आणि त्यात 'तिरकिट' वाजवलं तर प्रत्येक बोलाच्या वाट्याला साधारण ६२ येतात. ३० मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ अर्धा बोल.

इथे दोन वेगळे उशीर आहेत. ते एकच समजल्यामुळे सगळा घोळ होतो.

पहिला उशीर कानाला जाणवतो. गायकाला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून लगेच ऐकू येतो, आणि तोच आवाज लॅपटॉपची फेरी मारून हेडफोनमध्ये पुन्हा येतो. दोन्ही एकमेकांत मिसळले की काही कंपनं कटतात. ५ मिलिसेकंदांचा फरक असेल तर पहिला खड्डा १०० हर्ट्झला पडतो, मग ३००, ५००. आवाज पोकळ लागतो आणि सूर लावताना उगाच ताण येतो. यावर बफर कमी करणं हा अर्धाच उपाय, कारण फार कमी केला तर लॅपटॉपला दम लागतो आणि रेकॉर्डिंगमध्ये टकटक येते. त्यापेक्षा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करावं आणि सॉफ्टवेअरमधून येणारा स्वतःचा आवाज बंद ठेवावा. मग माइक थेट कानात येतो, मध्ये कॉम्प्युटर नाही. रिव्हर्ब हवा असेल तर तेवढा कॉम्प्युटरमधून घ्यावा. घुमारा मुळात उशिराच येतो, त्याला आणखी दहा मिलिसेकंद लागले म्हणून काही बिघडत नाही.

दुसरा उशीर वाजवताना कळतच नाही, तो ट्रॅकवर पडतो. पेटीचा आवाज कानापर्यंत उशिरा आला, त्याच्याशी जुळवून तबला वाजला, आणि तो आत जाताना आणखी उशीर झाला. डायरेक्ट मॉनिटरिंगने हा जात नाही. ही अडचण कॉम्प्युटरपेक्षाही जुनी आहे. टेप रेकॉर्डरमध्ये रेकॉर्ड करणारं हेड आणि वाजवणारं हेड वेगवेगळ्या जागी असायचं. टेप सेकंदाला ३८ सेंटीमीटर धावत असेल आणि दोन हेडमध्ये चार सेंटीमीटर अंतर असेल, तर नवा आवाज १०० मिलिसेकंदांहून जास्त मागे पडणार. अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीच्या रॉस स्नायडर यांनी त्यावर तोड काढली : जुने ट्रॅक रेकॉर्डिंगच्याच हेडमधून ऐकवायचे. अंतरच उरलं नाही. या 'सेल-सिंक' पद्धतीचं पहिलं आठ ट्रॅकचं यंत्र १९५७ साली गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे गेलं, आणि त्यांचा स्टुडिओ त्यांच्या राहत्या घरातच होता.

आपल्याकडे हेड नाहीत, आकडे आहेत, म्हणून उपाय आणखी सोपा. इंटरफेसच्या आउटपुटमधून एक केबल काढून त्याच्याच इनपुटला जोडावी. एका ट्रॅकवर क्लिक ठेवून वाजवावी आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड करावी. केबल नसेल तर हेडफोनची वाटी माइकला चिकटवून धरली तरी भागतं. मग स्क्रीनवर दोन्ही लहरी मोठ्या करून पहिल्या टोकांमधलं अंतर मोजावं. ६२४ नमुने भरलं तर ४८,००० च्या दराने ते बरोबर १३ मिलिसेकंद होतात. ड्रायव्हरने सांगितलेला उशीर वजा करण्याची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ड्रायव्हरचा आकडा दर वेळी खरा नसतो. मोजून सापडते ती उरलेली चूक. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये ती रेकॉर्डिंगच्या ऑफसेटमध्ये भरायची, ऑडॅसिटीत लेटन्सी कॉम्पेन्सेशनमध्ये. ऑडॅसिटीत तिथे मुळातच उणे १३० मिलिसेकंद हा अंदाजी आकडा असतो. तो तसाच ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि मग तबला मागे पडण्याऐवजी पुढेही पळू शकतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यात सीएनसीवर उभं राहणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. टूल बदललं की तो मशीन बदलत नाही, फरक मोजून टूल ऑफसेट भरतो. इथेही बफर किंवा इंटरफेस बदलला की पुन्हा मोजायचं, आणि चाचणीची क्लिक परत रेकॉर्ड करून दोन्ही टोकं एका रेषेत आली का ते बघायचं.

ब्लूटूथ हेडफोन या कामाला लावू नयेत. त्यांचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा असू शकतो, शिवाय तो स्थिर राहीलच असं नाही, आणि जो आकडा हलतो तो ऑफसेटमध्ये कसा भरणार?

याहून फसवा प्रकार म्हणजे माइक यूएसबीचा आणि हेडफोन लॅपटॉपच्या जॅकला. दोन्हींची घड्याळं वेगळी. त्यांच्यात दहा लाखांत ५० भागांचा फरक असला, तरी पाच मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी १५ मिलिसेकंदांची तफावत पडते. मुखडा जुळतो, शेवटची तिहाई हुकते, आणि ट्रॅक मागेपुढे सरकवून काहीच साधत नाही. बऱ्याच यूएसबी माइकांवर हेडफोनचा जॅक दिलेला असतो. हेडफोन तिथे लावून सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट म्हणून तोच माइक निवडला, की ऐकणं आणि रेकॉर्ड करणं एकाच घड्याळावर चालतं.