ढगाचा तळ आणि ढगाचा माथा

26 जुलै 2005 चा पाऊस मुंबईकर विसरलेले नाहीत. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याच्या वेधशाळेत त्याच काळात भरला तो जेमतेम 74 मिलिमीटर. उपनगरांत माणसं छातीभर पाण्यातून वाट काढत होती, तेव्हा शहराच्या दक्षिण टोकाला नेहमीचा जुलै चालू होता. ‘मुंबईत मुसळधार’ अशी बातमी दोन्हीकडे सारखीच लागू पडते आणि दोन्हीकडे अपुरी पडते. कारण पाऊस पडतो तो विशिष्ट ढगाखाली, आणि ढगाला महापालिकेचे वॉर्ड ठाऊक नसतात.

ढग ओळखायला बसलेला नवखा माणूस आधी रंग बघतो. काळा दिसला की छत्री. पण रंग फसवा असतो. जाड ढगातून सूर्यप्रकाश खालपर्यंत पोचत नाही म्हणून त्याचा तळ काळवंडतो, हे खरं. पण सूर्य मागे गेला की साधा, निरुपद्रवी ढगही काळा दिसतो. रंगापेक्षा तळ किती खाली आहे आणि माथा कुठवर गेला आहे, हे बघावं.

तापलेली हवा वर चढताना दर किलोमीटरला साधारण 10 अंशांनी थंड होते. एका उंचीवर तिच्यातली वाफ धूळ किंवा मिठाच्या सूक्ष्म कणांवर जमू लागते, तिथे ढगाचा तळ तयार होतो. म्हणूनच दुपारच्या आभाळातल्या फुगीर ढगांचे तळ एकाच पातळीवर कापल्यासारखे सपाट असतात. ही उंची घरबसल्या काढता येते. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांतला फरक घ्यायचा, त्याला 125 ने गुणायचं. उत्तर मीटरमध्ये येतं. दवबिंदू हल्ली मोबाइलवरही दिसतो. ऑक्टोबरच्या दुपारी तापमान 32 आणि दवबिंदू 16 असेल, तर तळ सुमारे 2000 मीटरवर. भर पावसाळ्यात तापमान 24 आणि दवबिंदू 22 असेल, तर अवघ्या 250 मीटरवर. सिंहगड पुण्यापासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. जुलैत गडावर जाऊन लोक ज्या ‘धुक्यात’ भजी खातात, तो खरं तर ढगच असतो.

ढगातला थेंब मात्र फारच बारीक, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. पावसाचा एक थेंब व्हायला असे दहाएक लाख थेंब एकत्र यावे लागतात. समुद्रावरून आलेली ओलसर हवा सह्याद्रीला धडकून वर चढते, तेव्हा हे काम जोरात चालतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. घाट उतरून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याचा पाचवा हिस्साही मिळत नाही. पावसाळ्यात महाबळेश्वर ढगातच बुडालेलं असल्याने पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा तिथेच थाटली. विमान न उडवता ढग मोजता येतो, याहून चांगली सोय कोणती?

ढगांना नावं दिली ती लंडनच्या ल्यूक हॉवर्ड या औषधनिर्मात्याने, 1802 मध्ये. क्युम्युलस म्हणजे फुगीर, स्ट्रेटस म्हणजे थरांचे, सिरस म्हणजे तंतूंचे. आज दहा मुख्य प्रकार मानतात, पण सुरुवातीला हे तीन पुरेत. सिरस बहुधा सहा किलोमीटरच्या वर, बर्फाच्या कणांचे असतात. त्यांचाच पातळ थर चंद्रावर पसरला की खळं पडतं. हात लांब करून अंगठा आणि करंगळी ताणली तर जेवढं अंतर दिसतं, साधारण तेवढी त्याची त्रिज्या असते.

खरा बघण्याजोगा तमाशा वळवाचा. सकाळी निरभ्र, बारापर्यंत छोटे पांढरे ढग, तीनला त्यातला एखादा मनोऱ्यासारखा उभा. हा क्युम्युलोनिंबस, विजांचा ढग. तो बारा-पंधरा किलोमीटर चढतो, मग वरच्या स्थिर थराशी अडतो आणि माथा आडवा पसरतो. असा पसरट माथा दिसला की ढग जोमात आहे. थोड्या वेळाने धूळ उडवत गार वारा येतो. तो ढगातून खाली कोसळलेल्या थंड हवेचा असतो. गारांचा कारखानाही हाच. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने मराठवाडा आणि विदर्भात हाताशी आलेली रब्बी आणि फळबागा झोडपल्या.

मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. जाताजाताही तो विजा पाडतो, आणि कापणीच्या दिवसांत माणसं नेमकी उघड्या रानात असतात. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतच्या सेकंदांना तीनने भागलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. तरी हिशेबात रमू नये; गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आहोत. झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. ‘दामिनी’ हे सरकारी अॅप फोनवर घेऊन ठेवा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका.