पोर्ट कुठे ठेवलात, ते आधी सांगा

रडारमध्ये मायक्रोवेव्ह लहरी तारेतून नव्हे, तर वेव्हगाइड नावाच्या पोकळ, आयताकृती धातूच्या नळीतून नेतात. मी विद्यार्थ्यांच्या हाती देते ती डब्ल्यूआर-९० जातीची पितळी नळी: आतून २२.८६ मिलिमीटर रुंद, १०.१६ उंच. ६.५६ गिगाहर्ट्झच्या खालची लहर तिच्यातून पुढे सरकतच नाही. ८.२ ते १२.४ हा तिचा नेहमीचा पट्टा.

या नळीला रुंदीच्या दिशेने काटकोनी वळण दिलं, तर किती लहर माघारी फिरेल? हल्ली ते आधी संगणकावर पाहतात. पण संगणकात नळी कुठेतरी कापावीच लागते. त्या कापलेल्या तोंडाशी काय घडतं, हे सॉफ्टवेअरला आपण सांगायचं, तेच पोर्ट. सांगायचं राहिलं, तर बरीच सॉफ्टवेअरं तिथे धातूची भिंत धरतात आणि विहिरीतली लाट काठावरून परतावी तशी सगळी लहर उलटते.

पोर्टने ठरलेल्या आकाराची लहर आत सोडायची आणि त्याच आकाराची लहर परत आली, तर ती पूर्ण शोषून घ्यायची. लहरीच्या या आकाराला मोड म्हणतात. आपल्या पट्ट्यात एकच मोड प्रवास करतो, दुसरा १३.११ गिगाहर्ट्झपासून पुढे. पण वळणापाशी तो दुसराही उपजतोच. त्याला लांब जाता येत नाही, जागच्या जागी विरत जातो. १० गिगाहर्ट्झला मिलिमीटरमागे साधारण दीड डेसिबलने, १२.४ ला मात्र जेमतेम पाऊण डेसिबलने. म्हणजे वळणापासून २० मिलिमीटरवर पोर्ट ठेवला, तर १० ला त्या मोडचं क्षेत्र पस्तिसाव्या हिश्श्यावर आलेलं असतं, १२.४ ला मात्र सहावा हिस्सा शिल्लक असतो. पोर्टला फक्त पहिला मोड ओळखायला सांगितलेला. उरलेला सहावा हिस्सा त्याच्यावर आपटून वळणाकडे परततो आणि उत्तर बिघडवतो. म्हणून अंतर नेहमी पट्ट्याच्या वरच्या टोकाला मोजून ठरवावं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. परतलेली आणि पार गेलेली शक्ती यांची बेरीज एक आली, की मुलं निर्धास्त होतात. पण या चुकीत ऊर्जा कुठे हरवतच नाही. बेरीज एकच येते आणि उत्तर तरीही चुकलेलं असतं. ते पकडायचं, तर पोर्ट आणखी २० मिलिमीटर मागे न्यायचा, वाढलेल्या लांबीचा फेज वजा करायचा आणि उत्तर हललं का, ते पाहायचं. त्याआधी सरळ नळी तपासावी: ३९.७ मिलिमीटर लांबीत १० गिगाहर्ट्झची लहर बरोबर ३६० अंश फिरली पाहिजे आणि परत जवळजवळ काही येता कामा नये.

सिम्युलेशनचे रंगीत आलेख छापणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: आलेखाखाली पोर्ट वळणापासून किती अंतरावर होता आणि त्यावर किती मोड धरले होते, हे दोन आकडे जरूर लिहा.