पोटाचा मुका मार

प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी काय घडले, हे सातारा जिल्ह्यातल्या शाळकरी पोराला विचारावे लागत नाही. अफझलखानाचा कोथळा बाहेर आला, हे तो आपणहून सांगतो. त्यामुळे झाले आहे काय, की पोटाची जखम म्हटली म्हणजे बाहेर आलेली आतडी आणि रक्ताचे थारोळे हेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. असा माणूस दिसला की सारा गाव धावतो. पण मंडळी, ज्याच्या पोटावर साधा ओरखडा नाही, जो उठून कपडे झटकतो आणि "काही नाही, मुका मार आहे" म्हणतो, त्याच्यासाठी कोण धावणार? आज बोलायचे आहे ते त्याच्याविषयी.

उसाचा हंगाम लागला की कराड, वाळवा, पलूस भागात रस्तोरस्ती ट्रॉल्या उभ्या असतात. अंधारात त्यांवर मोटारसायकल आदळते. बांधावर ट्रॅक्टर कलंडतो. गोठ्यात बैल लाथ मारतो, नाहीतर शिंग खुपसतो. शिंगाची जखम तर फार फसवी; वरचे छिद्र बोटभर, पण आत शिंग कुठवर गेले ते बाहेरून कळत नाही. आणि गुरुजी, तुमच्या शाळेतला पोरगा सायकलवरून पडतो तेव्हा हँडलचे टोक त्याच्या पोटात घुसते. वर एक वाटोळा डाग उमटतो, एवढेच.

डोक्याला कवटी आहे, छातीला फासळ्यांचा पिंजरा आहे. पोटाला पुढून कातडी, चरबी आणि स्नायू, बस्स. उजवीकडे फासळ्यांखाली यकृत, डावीकडे मुठीएवढी पानथरी, म्हणजे प्लीहा. दोन्ही रक्ताने भरलेली आणि ठिसूळ. ती फाटली तर रक्त बाहेर न येता पोटातच साठते. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातले जवळजवळ लिटरभर गेले तरी तरणाबांड गडी बोलत राहतो, चहा मागतो. कारण शिरा आवळून आणि हृदय जोराने चालवून शरीर वेळ निभावून नेते. मग एकाएकी ते हात टेकते. म्हणून त्याच्या बोलण्यावर न जाता नाडी पाहावी. नाडी जलद आणि बारीक लागते, अंग गार आणि घामेजलेले, ओठ पांढरे, तहान अनावर. ही आतल्या रक्तस्रावाची चिन्हे होत. एक विलक्षण गोष्ट सांगतो. पानथरी फाटली की कधी कधी डावा खांदा दुखतो. रक्ताने श्वासपटल चाळवते, आणि श्वासपटलाची व खांद्याची संवेदना मानेतल्या एकाच ठिकाणी पोचते. खांद्याला मार नाही आणि खांदा दुखतो, असे पोराने म्हटले तर बाम चोळत बसू नका.

आतडे फाटले तर गोष्ट निराळी. पहिले काही तास थोडे दुखते. मग आतली घाण पसरते, पोट फळीसारखे कडक होते, ताप येतो, वांत्या सुरू होतात. हे कळायला कधी कधी एक दिवसही जातो.

पोट फाडावे की थांबावे, यावर वैद्यक शंभर वर्षे उलटसुलट विचार करीत आले. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिश सर्जन मॅक्कॉर्मॅक यांचे मत असे, की पोटात गोळी लागलेल्यावर शस्त्रक्रिया केली तर तो मरतो, न केली तर जगतो. दोष सुरीचा नव्हता. जखमी उशिरा पोचत. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात व्हेरा गेद्रोइत्स या बाईंनी आघाडीजवळ आगगाडीच्या डब्यातच लवकर शस्त्रक्रिया केल्या आणि माणसे वाचवली. ज्या पहिल्या महायुद्धात आपल्या अपशिंग्याचे ४६ जवान कामी आले, त्याच युद्धात लवकर शस्त्रक्रिया करण्याची रीत रूढ झाली.

पुढे रीत इतकी पक्की झाली, की पानथरी फाटली की काढून टाकायची. १९५२ साली अमेरिकेत किंग आणि शूमाकर यांनी दाखवले, की पानथरी काढलेल्या तान्ह्या मुलांना पुढे जीवघेणे जंतुसंसर्ग होतात. १९६८ साली टोरांटोच्या मुलांच्या इस्पितळातून सिम्प्सन यांच्याबरोबर आपल्या भारताच्या डॉ. उपाध्याय यांनी मांडले, की पुष्कळ मुलांची फाटलेली पानथरी शस्त्रक्रियेवाचून भरून येते. आज रक्तदाब स्थिर असेल तर मोठ्यांनाही असेच सांभाळतात. पण हे थांबणे इस्पितळातले, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, रक्तपेढी आणि सर्जन हाताशी असताना. घरच्या खाटेवरचे थांबणे म्हणजे ते नव्हे.

२०१० साली ४० देशांतल्या २०,००० हून अधिक जखमींवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त इंजेक्शन ३ तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात; त्यानंतर दिले तर उपयोग नाही, उलट अपायच होऊ शकतो. त्या अभ्यासात भारतातली इस्पितळेही होती.

आता हे ३ तास आपण घालवतो कुठे? पोट चोळण्यात, शेक देण्यात, पाणी पाजण्यात. पोटाला मार लागलेल्याला तोंडाने काहीही देऊ नये. शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामे हवे. सांगलीच्या हळदीचा मला अभिमान आहे, पण तिची जागा भाजीत, जखमेत नाही. आतडे बाहेर आले असेल तर आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडाने झाका. घुसलेली वस्तू उपसू नका. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून चालते. एके काळी अशा प्रसंगी 'मिरजेला न्या' एवढेच लोक म्हणत. वानलेस यांचे इस्पितळ तिथे १८९४ साली निघाले. आज साताऱ्याला, कराडला, सांगली-मिरजेला सर्जन आहेत. पोलिसांच्या भीतीने हात आखडू नका. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून अपघातातल्या जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही. त्याने आपले नाव सांगावे अशीही सक्ती नाही.

आणि गुरुजी, पोरगा पडला तर एका चिठ्ठीवर मार किती वाजता लागला, कशाचा लागला आणि शेवटचे खाल्ले कधी, एवढे लिहून त्याच्या खिशात घाला. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात, आणि सोबत आलेल्या माणसाला बहुधा ते ठाऊक नसते.