ड्रमवरचं लेबल आणि आपल्या मुलांची माहिती



आजचा लेख कायद्यावर आहे, पण सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना, नवीन वर्ग, ऑनलाइन माहिती भरायची घाई. मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल नंबर, बँक खाते क्रमांक अशी सगळी यादी मी तयार केली. एकेका पालकाला फोन करत बसण्यापेक्षा यादीचा फोटो काढला आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपापली माहिती तपासा, चूक असल्यास कळवा." दहा मिनिटांत चार दुरुस्त्या आल्या. मला वाटलं, छान काम झालं.

संध्याकाळी एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा फोन आला. ते धाटावच्या एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात कामाला. रागावलेले नव्हते, पण जे बोलले ते अजून लक्षात आहे.

"मॅडम, आमच्याकडे साधा ड्रम आला तरी त्याच्यावर लेबल लागतं. आत काय आहे, किती धोक्याचं आहे, सांडलं तर काय करायचं, सगळं लिहिलेलं असतं. तुम्ही तर पोरांचा सगळा माल उघड्यावरच ठेवलात की!"

मी तो फोटो लगेच काढून टाकला. पण तोवर बहुतेकांनी तो पाहिला होता, काहींच्या फोनमध्ये तो आपोआप उतरलाही होता. बैल गेला आणि झोपा केला, अशी माझी गत. त्या दिवसापासून मी या विषयाचं वाचायला लागले. त्यातून जे समजलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

एवढं काय बिघडतं?

हा प्रश्न शिक्षकखोलीत हमखास येतो. "आपल्या गावातल्या पोरांची माहिती कोणाला हवीय?"

जरा विचार करा. उद्या एखाद्या आईला फोन आला, "तुमची मुलगी अमुक शाळेत सहावीत आहे ना? तिची शिष्यवृत्ती मंजूर झालीय, आलेला ओटीपी सांगा." नाव बरोबर, इयत्ता बरोबर, शाळा बरोबर. मग ती आई विश्वास का ठेवणार नाही? फसवणाऱ्याला आधी विश्वास कमवावा लागतो, आणि अशी यादी त्याला तो फुकटात देते.

दुसरी गोष्ट काळाची. मोबाइल नंबर बदलता येतो. जन्मतारीख बदलत नाही, आधार क्रमांकही सहसा जन्मभर तोच राहतो. सहा वर्षांच्या मुलाची माहिती आज फुटली, तर ती त्याच्या साठीपर्यंत कुठेतरी पडून राहू शकते. आणि त्या मुलाला कोणी विचारलेलंही नसतं.

हे फक्त आमच्यासारख्यांच्या हातूनच होतं असंही नाही. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड ज्यासाठी असतात, ते केंद्र सरकारचं 'दीक्षा' ॲप आपण सगळेच वापरतो. जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली, की या ॲपची माहिती ठेवलेला एक क्लाउड सर्व्हर कुलूप न लावताच राहिला होता. १० लाखांहून जास्त शिक्षकांची आणि सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यात उघडी होती. शिक्षकांची नावं, फोन नंबर, ईमेल. म्हणजे त्यात तुम्ही-आम्हीही असू शकतो.

कायदा आला कसा?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात न्यायालयाने सांगितलं, की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही. हे वाक्य प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावं.

माहितीच्या रक्षणासाठी वेगळा कायदा हवा म्हणून न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे हे नाव महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. समितीचा अहवाल जुलै २०१८ मध्ये आला. २०१९ चं विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं, आणि अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा मंजूर झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'डीपीडीपी' म्हणतात. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. तयारीला तेवढाच वेळ आपल्या हातात आहे.

लेबलावर काय हवं?

त्या पालकांचं उदाहरण मला इथे फार उपयोगी पडलं. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर देशात कायदे कडक झाले. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनी लेबल आणि सुरक्षा माहितीपत्रक बंधनकारक केलं. नवा कायदाही माहितीसाठी असंच लेबल मागतो. साध्या भाषेत सांगायचं तर:

१. काय घेताय? कोणती माहिती घेणार, ते आधी स्पष्ट सांगायचं.

२. कशासाठी? कारण सांगायचं, आणि त्या कारणाला लागेल तेवढीच माहिती घ्यायची. कायद्यातच एक उदाहरण आहे. डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधली संपर्कयादी मागितली आणि माणसाने 'हो' म्हटलं, तरी ती संमती फक्त सल्ल्यापुरतीच धरायची. कारण सल्ला द्यायला संपर्कयादी लागत नाही.

३. परत कसं घ्यायचं? संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं.

४. तक्रार कुठे करायची? तेही त्या सूचनेतच लिहिलेलं हवं.

आणि ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय हवी. म्हणजे मराठीतही! बारीक इंग्रजीतली आठ पानं आणि खाली 'सहमत' हे बटण, एवढ्यावर आता भागणार नाही.

माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मुलांबाबतचे नियम मोडले तर २०० कोटींपर्यंत.

मुलांसाठी वेगळं काय?

या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल आहे. अमेरिकेच्या कायद्यात ही मर्यादा १३ वर्षं आहे, युरोपात १६, तीही सदस्य देशांना १३ पर्यंत खाली आणता येते. आपण सर्वांत वरची रेघ ओढली.

मुलाची माहिती वापरायला आई-वडिलांची किंवा पालकांची संमती लागेल, आणि पालक म्हणून संमती देणारी व्यक्ती सज्ञान आहे, तिची ओळख पटते, याची खात्री करून घ्यावी लागेल. मुलांच्या हालचालींवर, आवडीनिवडींवर पाळत ठेवायची नाही. ती पाहून त्यांना जाहिराती दाखवायच्या नाहीत.

शाळांना यात मर्यादित सूट आहे. शिक्षणाच्या कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षेसाठी शाळा नोंद ठेवू शकते. स्कूलबस कुठवर आली हे पाहण्याची सोयही चालते, पण प्रवासातल्या सुरक्षेपुरतीच. हजेरी घेणं, गुणांची नोंद ठेवणं थांबणार नाही, घाबरू नका. पण 'शिक्षणासाठी' या शब्दात वर्गाच्या ग्रुपवर आधारची यादी टाकणं बसत नाही, हे मला आता कळलं.

आणखी एक बारकावा. कायदा डिजिटल माहितीला लागू आहे. नुसतं कागदी रजिस्टर त्यात येत नाही, पण त्याच रजिस्टरची एक्सेल शीट केली की ती येते. आणि आईने घरगुती कारणासाठी लेकराचा फोटो मावशीला पाठवला, तर तिथे हा कायदा येत नाही. तिथे आपलं शहाणपणच कामाला येतं.

माझं मत: चांगलं काय, खटकतं काय

कायदा हवा होता आणि आला, हे चांगलंच झालं. पण काही गोष्टी खटकतात.

पहिली, खात्रीच्या संमतीची. नियम सांगतात, की पालकाची ओळख कागदपत्रांवरून किंवा डिजिलॉकरसारख्या सोयीतून पटवता येईल. पुण्या-मुंबईत हे जमेल. आमच्याकडचं चित्र पाहा. रोहा तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर जातात. घरात एक फोन, सिम भावाच्या नावावर. एमआयडीसीत परराज्यातून आलेल्या कामगारांची मुलं आमच्या वर्गात आहेत. बापाची रात्रपाळी, आईला मराठीही नीट वाचता येत नाही. अशा घरात 'खात्री' करणार कोण? दोनच गोष्टी होतील. एक तर मूल त्या सोयीपासून वंचित राहील, नाहीतर दहावीतला दादाच बापाच्या फोनवरून 'हो' दाबेल. दुसरीच जास्त होईल, असं माझा अनुभव सांगतो.

दुसरी, सरकारची. लाभ, अनुदान, प्रमाणपत्रं देण्यासाठी सरकार काही अटींवर संमतीशिवायही माहिती वापरू शकतं. शिवाय काही सरकारी यंत्रणांना केंद्र सरकार पूर्ण सूट देऊ शकतं. आता आमच्या मुलांची सर्वांत जास्त माहिती कुठे जाते? सरल, यू-डायस प्लस, शिष्यवृत्ती, अपार. सगळी सरकारी पोर्टलं. खासगी ॲपला जे लेबल सक्तीचं, ते सरकारने स्वतःहून लावलं तर त्याची शोभाच वाढेल.

तिसरी आमचीच. अपार आयडीसाठी पालकांचं संमतीपत्र लागतं, म्हणजे 'नाही' म्हणायचीही मोकळीक आहे. पण शंभर टक्के काम दाखवायचं म्हटल्यावर आम्ही पालकांना काय सांगतो? "इथे सही करा, उद्या शेवटची तारीख आहे." हे मीही म्हटलंय. पालक न वाचता सही करतात, कारण त्यांचा आमच्यावर विश्वास असतो. कायदा कितीही चांगला केला, तरी गावात तो शेवटी या सहीवर येऊन थांबतो. ती सही समजून झाली की नुसती उरकली, हे शिक्षकाच्या त्या दोन मिनिटांवर ठरतं. या लेखातून मला सांगायचं आहे ते एवढंच.

मग आपण काय करायचं?

शिक्षकांसाठी:

- आधार, बँक खातं, जातीचा दाखला यांचे फोटो ग्रुपवर मागवू नका, टाकू नका. दुरुस्ती असेल तर त्या पालकाला एकट्याला पाठवा किंवा शाळेत बोलवा.
- काम झालं की आपल्या फोनमधले ते फोटो काढून टाका. माझ्या गॅलरीत तीन वर्षांपूर्वीच्या मुलांची आधार कार्डं निघाली होती!
- बक्षीस समारंभाचा फोटो सर्वांना दिसेल असा टाकण्याआधी पालकांना विचारा. फोटोखाली पूर्ण नाव, इयत्ता, शाळा असं सगळं एकत्र लिहू नका.
- पालकसभेत संमतीपत्र मोठ्याने वाचा. हिंदी लागत असेल तर हिंदीत सांगा. "नको असेल तर सही केली नाही तरी चालेल," हे वाक्य जरूर म्हणा.

पालकांसाठी:

- सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा: कशासाठी? कोणाकडे जाणार? नंतर काढून घेता येईल का? असं विचारलं म्हणून शिक्षकाचा अपमान होत नाही.
- मुलाचं नाव, इयत्ता बरोबर सांगणारा प्रत्येकजण शाळेचा नसतो. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

वर्गात घेण्याजोगा उपक्रम (इयत्ता ६ वी ते ८ वी): मुलांना घरी मोठ्यांसोबत बसून फोनमधलं एक ॲप निवडायला सांगा. सेटिंगमध्ये जाऊन त्याने कोणकोणत्या परवानग्या घेतल्यात ते पाहायचं आणि वहीत ड्रमसारखं लेबल काढायचं. ॲपचं नाव, काय मागतं, कशासाठी लागत असेल, खरंच गरज आहे का. माझ्या वर्गातल्या एका मुलाने बॅटरीच्या उजेडाच्या ॲपचं लेबल काढलं होतं. शेवटच्या रकान्यात त्याने लिहिलं, "उजेडाला माझ्या मामाचा नंबर कशाला?"

मला वाटतं, कायद्यातलं ते डॉक्टरांच्या ॲपचं उदाहरण यापेक्षा सोपं करून कोणाला सांगता येणार नाही.

आणि ते पालक? या वर्षीच्या पालकसभेत मी संमतीपत्र वाचायला घेतलं, तेव्हा ते पहिल्या रांगेत बसले होते. सगळं ऐकून त्यांनी दोन प्रश्न विचारले, मग खिशातून पेन काढलं. एका कागदावर सही केली आणि दुसरा कोराच परत दिला. मी दोन्ही कागद फाईलला लावले.

आपल्या शाळेत ही माहिती कशी सांभाळता, जरूर कळवा.