दूध मिळाले, कुशीचे काय?

सातपुड्यात यावलच्या बाजूला वानरांचा कळप बसलेला दिसला, तर जरा थांबून पाहावे. नुकते जन्मलेले काळसर पिल्लू आईकडेच असेल असे नाही. दुसरी मादी ते ओढून छातीशी धरते, थोड्या वेळाने तिसरी घेते. आई तेवढ्यात पाला खाऊन घेते. लाल तोंडाच्या ऱ्हिसस माकडांत मात्र पिल्लू सुरुवातीला आईलाच बिलगून असते. (तापी ही या जातीची पश्चिमेकडील दक्षिण हद्द मानली जात आली आहे.)

याच ऱ्हिसस पिल्लांवर अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी केलेले प्रयोग १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेच्या जाळीची, दुसरी मऊ कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली, तरी पिल्ले पिण्यापुरतीच तिच्याकडे जात. बाकी वेळ कापडाला चिकटून! पुढचे प्रयोग तर क्रूरच होते. जन्मापासून सहा महिने एकटी कोंडलेली पिल्ले बाहेर आल्यावर स्वतःलाच कवटाळून डोलत बसत. खाण्यापिण्यात काहीही कमी नव्हते. १९७१ मध्ये हार्लो आणि स्टीफन सुओमी यांनी अशा पिल्लांसोबत तीन महिन्यांची निरोगी पिल्ले सोडली. ती येऊन बिलगली, खेळू लागली; काही महिन्यांत कोंडलेली पिल्लेही बरीच सावरली.

माणसाचे मूल याहून परावलंबी. ऱ्हिसस पिल्लाचा मेंदू जन्मतःच पूर्ण वाढीच्या निम्म्याहून मोठा असतो, आपल्या बाळाचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश. उरलेली बरीचशी वाढ पहिल्या तीन वर्षांत होते. बाळ हुंकारते, कुणीतरी उत्तर देते. अशा देवाणघेवाणीतून मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात. उत्तर देणारी आईच हवी असे नाही, पण ओळखीचे माणूस हवे.

आपल्याकडे आई कापूस वेचायला, केळीच्या बागेत नाहीतर ऊसतोडीला जाते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून घरपोच आहार मिळतो, तिथे बसायला मात्र तिसरे वर्ष पूर्ण व्हावे लागते. पाकीट घरी येते, मांडी येत नाही. आजी असली तर निभावते, नसली तर थोरली बहीण शाळा बुडवते.

केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येते आणि त्यात सहा महिन्यांपासूनची मुले ठेवता येतात. ग्रामसभेत हा विषय जरूर घ्यावा. पाळणाघर सुरू झाले, तर एका बाईकडे किती मुले आहेत आणि ती बाई सारखी बदलते का, हे आधी विचारावे. खेळण्यांची चौकशी नंतर.